नववीच्या इंग्रजीच्या तासाचे नियम: ठरवायचे कसे, शिकवायचे कसे, टिकवायचे कसे

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक दृश्य हमखास दिसतं. नववीला नव्याने इंग्रजी मिळालेले सर किंवा बाई कार्डशीट पसरून स्केचपेनने नियम लिहीत असतात. बावीस नियम, सगळे इंग्रजीत, बहुतेकांची सुरुवात ‘डू नॉट’ने. तो कागद फळ्याशेजारी लागतो. नागपंचमीपर्यंत त्याचा एक कोपरा सुटतो. गणपतीत त्यावरून पताकांची दोरी जाते. दिवाळीनंतर तो तिथे आहे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही, आणि मग ‘यंदाची बॅच फार वात्रट’ असं ऐकू यायला लागतं.

बॅच दरवर्षीसारखीच असते. आधी नियम लिहायचा आणि तो तपासणार कोण, कधी, किती वेळात हे ‘बघू नंतर’ म्हणून सोडायचं, इथे सगळं फसतं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. वर्गात ५८ मुलं, एका बाकावर तिघं. साधारण निम्म्या घरांत तेलुगू, काहींत कन्नड, काहींत उर्दू, उरलेल्यांत मराठी. खालचा क्रम मी चुका करत करत बसवला आहे. तुमचे आकडे वेगळे असतील तर आकडे बदला, क्रम मात्र ठेवा.

पायरी १: शाळा उघडण्याआधी आपला वेळ मोजा

नियम लिहायला बसण्याआधी तासाचा हिशेब मांडा. आमचा तास ३५ मिनिटांचा. आधीचे सर वर्गातून निघेपर्यंत आणि मुलं वह्या काढेपर्यंत चार मिनिटं जातात. शेवटची चार गृहपाठ उतरवून घ्यायला लागतात. उरली २७. आता ‘रोज प्रत्येकाचा गृहपाठ बघणार’ असं तुम्ही ठरवलं असेल, तर ५८ मुलांना प्रत्येकी १० सेकंद दिले तरी जवळजवळ १० मिनिटं गेली. शिकवायला १७ राहिली. असा नियम पहिल्या चाचणीपर्यंतसुद्धा जगत नाही, आणि बाईंनी स्वतःच तो सोडून दिलेला मुलं पाहतात. त्यानंतर तुमचा कुठलाच नियम मुलं खरा मानत नाहीत.

वह्यांचंही तसंच. नुसती लाल टिक न मारता दोन चुका दाखवून वही द्यायची तर एका वहीला तीन मिनिटं लागतात. ५८ वह्यांना १७४ मिनिटं, म्हणजे तीन तासांना थोडी कमी. दोन तुकड्या असतील तर सहा तास. ‘दर शनिवारी सगळ्यांच्या वह्या जमा’ असा नियम करणाऱ्यांच्या टेबलावर बुधवारीही तोच गठ्ठा असतो, आणि मुलांकडे अभ्यासाला वही नसते.

मी रोज १२ वह्या घेते, ठरलेल्या बाकांवरच्या. पाच दिवसांत एक तुकडी होते, पुढच्या आठवड्यात दुसरी. रोजची ३६ मिनिटं म्हणजे एक ऑफ तास. तो ऑफ तास बदली तासात गेला, तर त्या दिवशीच्या १२ वह्या न बघता त्याच दिवशी परत. जीव कळवळतो, पण गठ्ठा साठू द्यायचा नाही.

तपासा: तुमच्या हिशेबाच्या कागदावर प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहिली आहेत का? ज्या कामापुढे मिनिटं लिहिता येत नाहीत, त्यावर नियम करू नका.

पायरी २: सोलापूरचं वर्ष आणि मुलांची घरं डोळ्यांसमोर ठेवा

निबंध, तोंडी परीक्षा, वही पूर्ण करायची मुदत अशा तारखा टाकण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आषाढीच्या आधी शेगावची पालखी शहरातून जाते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव; पूर्व भागातल्या शाळेत त्याच्या आदल्या-नंतरच्या दिवशीही बाक रिकामे दिसतात. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा आणि तिथे भरणारी जत्रा, म्हणजे गड्डा. त्या आठवड्यात कोणतीही मुदत ठेवली तर ती तुमचीच परीक्षा ठरते. मार्चपासून ऊन तापतं, मग सकाळची शाळा.

घरांचा विचार याहून महत्त्वाचा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ते ज्या वेळेला येतं त्या वेळेला घरातलं मोठं पोर घागरी-बादल्या भरायला थांबतं, आणि नववीतली मुलगी हेच ते मोठं पोर असतं. आई बिड्या वळत असेल तर संध्याकाळी पानं कातरायला तीच बसते. वडील पॉवरलूमवर रात्रपाळीला असतील तर दिवसा एका खोलीत ते झोपलेले असतात. ‘घरी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचा’ हा गृहपाठ मी तीन वर्षं देत होते. एकदा एका मुलीने सांगितलं, ‘बाई, मोठ्यानं वाचलं की पप्पा उठतात.’ तेव्हापासून मोठ्याने वाचन वर्गातच होतं.

सावधान: ही माहिती वर्गात हात वर करायला लावून गोळा करू नका. ‘कोणाची आई बिड्या वळते?’ असं चारचौघांत विचारायचं नसतं. वर्गशिक्षकांना विचारा, किंवा पायरी ५ मधल्या पहिल्या दिवसाच्या लेखनातून आपोआप कळेल तेवढंच पुरे.

पायरी ३: नियम लिहा आणि मग खोडा

आता मनात येतील तेवढे नियम एका कागदावर लिहून काढा. वीस होतील. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा. हा नियम पाळला की मोडला हे डोळ्यांनी दिसतं का? तो मी दोन मिनिटांत तपासू शकते का? मोडला तर मी काय करणार, हे आज ठरलं आहे का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल तर खोडा.

‘शिस्तीने वागावे’ पहिल्याच प्रश्नाला पडतो. ‘मन लावून ऐकावे’ही. ‘इंग्रजी वृत्तपत्र वाचावे’ दुसऱ्याला पडतो. ‘मोबाईल आणू नये’ हा शाळेचा नियम आहे, तो आपल्या यादीत पुन्हा घालून आपलं वजन वाढत नाही. आणि एक आग्रहाचं सांगणं: ‘काय बे’वर नियम करू नका. सोलापुरात ती हाक आहे. बाहेरगावहून बदलून आलेले शिक्षक पहिल्या महिन्यात ती शिवी समजून रक्त आटवतात.

माझ्या कागदावर शेवटी सहा उरले:

१. बाई वर्गात आल्या की बाकावर इंग्रजीची वही, पुस्तक आणि पेन. दुसरं काही नाही.
२. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातला गृहपाठ तारखेसह वहीत उतरवायचा.
३. ठरलेली पाच वाक्यं इंग्रजीतच बोलायची.
४. कोणी वाचताना-बोलताना चुकलं तर हसायचं नाही.
५. गाईडमधून किंवा मोबाईलवरून उतरवलेलं उत्तर धरलं जाणार नाही.
६. गैरहजर राहिलात तर वहीचा जोडीदार ठरलेला आहे. आल्या दिवशी त्याच्याकडून घ्यायचं.

हे मराठीतच लिहा. ‘इंग्रजीचा वर्ग, मग नियमही इंग्रजीत’ हा मोह आवरा. जो नियम मुलाला वाचून कळत नाही, तो मोडल्याबद्दल त्याला बोलायचं कोणत्या तोंडाने?

पायरी ४: वर्गात कोणती भाषा किती, हे आधी ठरवा

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. ‘तासाला फक्त इंग्रजीच बोलायचं’ असं जाहीर करणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. एका ठिकाणी मराठी बोललं की एक रुपया दंड होता, डबा फळ्याखाली ठेवलेला. मुलांनी त्यावर सोपा उपाय काढला: बोलायचंच नाही. वर्ग शांत झाला आणि डबा रिकामा राहिला, म्हणून नियम यशस्वी झाला असं समजलं गेलं.

दुसऱ्या टोकाला, सगळा धडा मराठीतून ‘सांगून’ टाकणारेही आहेतच. पस्तीस मिनिटांत इंग्रजी फक्त पुस्तकात दिसते.

मराठी माध्यमाच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतराचाही प्रश्न असतो: शब्द, वाक्यं, म्हणी आपल्या माध्यमाच्या भाषेत आणायच्या. म्हणजे मराठी या विषयाच्या बाहेरची नाहीच. पण ज्याच्या घरी तेलुगू किंवा कन्नड आहे, त्याला इंग्रजीतून मराठीत येणं हीसुद्धा एक परक्या घरातून दुसऱ्या परक्या घरात जाण्यासारखी कसरत असते. त्याला भाषांतरात कमी गुण पडले तर दोष इंग्रजीचा की मराठीचा, हे बघून मगच शेरा लिहा.

मी असं ठरवलंय. पाच वाक्यं कायम इंग्रजीत:

‘आय डिड नॉट अंडरस्टँड.’
‘प्लीज से इट अगेन.’
‘हाऊ डू यू स्पेल इट?’
‘व्हॉट इज धिस कॉल्ड इन इंग्लिश?’
‘मे आय से इट इन मराठी?’

पाचवं सगळ्यांत मोलाचं. मुलाला मराठीत बोलायची परवानगी आहे, फक्त ती इंग्रजीत मागायची. मागितली की नाही म्हणायचं नाही, कधीच नाही. ज्या दिवशी तुम्ही ‘नो, ट्राय इन इंग्लिश’ म्हणाल त्या दिवसापासून ते वाक्य कोणी वापरणार नाही.

प्रश्न कोणत्याही भाषेत, उत्तर इंग्रजीत द्यायचा प्रयत्न, अडलं तर एक शब्द मराठी चालेल. ‘माय मदर फिल्स द घागर’ हे माझ्या वर्गात पूर्ण वाक्य आहे. घागरीला काय म्हणायचं ते मी बाजूला लिहून देते. एकाने न समजलेलं दुसऱ्याला तेलुगूत किंवा कन्नडमध्ये समजावलं तरी चालतं, दोन मिनिटांपुरतं. मला ते कळत नाही, म्हणून सुरुवातीला मला वाटायचं की माझ्याबद्दलच बोलताहेत. बोलतही असतील. पण धडा कळतो.

शब्दांची सुरुवात पुस्तकातून करायची गरज नाही. जकार्ड, बीम, बॉबिन, शटल, शिफ्ट, डाइंग हे शब्द पूर्व भागातल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून आहेत. ते इंग्रजी आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच. पहिल्या पंधरवड्यात हेच शब्द फळ्यावर आणा.

तपासा: पाच वाक्यं म्हणताना कुठल्या शब्दाला मुलं अडखळतात? आमच्याकडे ‘अंडरस्टँड’ आणि ‘स्पेल’. तेवढेच दोन शब्द तीन दिवस घोटून घ्या.

पायरी ५: पहिला आठवडा, दिवसागणिक

सगळे नियम पहिल्या दिवशी सांगणं ही दुसरी नेहमीची चूक. पहिल्या दिवशी मुलं बाईंची साडी, आवाज आणि हातात छडी आहे की नाही एवढंच बघतात. नियम रोज एक, आणि तो धड्यासारखा शिकवायचा.

दिवस पहिला. नियम नाही. सुट्या कागदावर ‘माय होम’ या विषयावर पाच ओळी, येतील तशा. मराठी शब्द घातला तरी चालेल. या कागदांवर गुण नाहीत, लाल पेन नाही. ते पाकिटात घालून मार्चपर्यंत जपा.

दिवस दुसरा. बाकावर काय असावं आणि वही कशी असावी. वहीचं पान फळ्यावर प्रत्यक्ष काढून दाखवा: समास कुठे, तारीख कुठे, शेवटची दहा पानं शब्दांसाठी राखीव. ‘वही नीटनेटकी ठेवा’ म्हणण्यात अर्थ नाही. नीटनेटकी म्हणजे कशी, ते प्रत्येक घरात वेगळं असतं.

दिवस तिसरा. पाच वाक्यं. आधी मी, मग सगळे, मग रांग, मग जोडी. मी मुद्दाम फार वेगाने काहीतरी बोलते आणि ‘प्लीज से इट अगेन’ येईपर्यंत थांबते. पहिल्यांदा अर्धं मिनिट कोणी बोलत नाही. थांबायचं.

दिवस चौथा. हसण्याचा नियम. यासाठी पूर्ण तास द्या, आणि त्याचं कारण मी स्वतः आहे.

काही वर्षांपूर्वी पहिल्या दिवसाच्या कागदांत एका मुलाने लिहिलं होतं की वडील डाइंगमध्ये कामाला आहेत. कारखान्यातल्या रंगाई खात्याला आपल्याकडे सगळे डाइंगच म्हणतात. त्याने स्पेलिंगमधला ‘ई’ गाळला होता. मला हसू आलं. मी ते वाचून दाखवलं आणि वर अर्थही सांगितला: ‘याचे वडील मरताहेत.’ वर्ग फुटला. मधल्या सुट्टीत मुलं त्याला ‘पप्पा कसे हैत बे?’ विचारत होती. त्या मुलाने दिवाळीपर्यंत माझ्या तासाला तोंड उघडलं नाही. मी वर्गासमोर त्याची माफी मागितली, पण त्यात दोन आठवडे गेले होते.

आता चौथ्या दिवशी मी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते. डी-वाय-आय-एन-जी म्हणजे मरणं. डी-वाय-ई-आय-एन-जी म्हणजे रंगवणं. मधला ‘ई’ गेला की काय होतं ते सांगते, आणि त्या दिवशी हसणारी मीच होते हेही सांगते. मुलाचं नाव, वर्ष काही नाही. मग नियम: चूक ऐकून हसलात तर पुढचं वाक्य तुम्ही वाचायचं. आणि बाई हसल्या तर? पुढचा परिच्छेद बाई वाचणार. हा नियम अख्ख्या वर्गाला पाठ असतो.

सावधान: चूक उदाहरणादाखल दाखवायची असेल तर दुसऱ्या तुकडीतली, किंवा स्वतः बनवलेली. अक्षर ओळखू येईल असा कागद फळ्यावर लावू नका.

दिवस पाचवा. गृहपाठ आणि गैरहजेरी. वहीचे जोडीदार लावून द्या. जोडीदार शेजारच्या गल्लीतला असला तर उत्तम. एकाच बाकावरचे दोघं नकोत, कारण तेच बहुधा एकत्र गैरहजर राहतात.

दिवस सहावा, शनिवार. नियमांची छोटी चाचणी, दहा मार्कांची, मराठीत. ‘काल तू आला नव्हतास, आज पहिलं काय करशील?’ अशा धाटणीचे प्रश्न. सहापैकी ज्या नियमाची उत्तरं निम्म्या वर्गाची चुकली, तो सोमवारी पुन्हा. सहा नियमांचा कागद वहीच्या पुठ्ठ्याच्या आत या चाचणीनंतरच चिकटवायचा.

पायरी ६: गृहपाठ, उशीर आणि गाईड

गृहपाठ शेवटच्या चार मिनिटांत, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला म्हणजे दिला असं समजू नका. घरातला एकमेव फोन वडिलांच्या खिशात असतो आणि वडील कारखान्यात. ग्रुपवर टाकायचाच तर फळ्यावरच्याचा फोटो म्हणून टाका, त्याऐवजी नाही.

घरी देण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात: पाच शब्द, एक छोटा परिच्छेद मनात वाचणं, अपूर्ण राहिलेला स्वाध्याय. पत्र, संवाद, बातमी असं लेखन वर्गातच करून घ्या. घरी दिलं की ते गाईडमधून येतं, हल्ली मोबाईलवरून येतं. गेल्या वर्षी गड्ड्यावरच्या परिच्छेदात एका मुलाने ‘क्विंटेसेन्शियल’ शब्द वापरला होता. मी रागावले नाही. विचारलं, ‘गड्ड्यावर तू काय खाल्लंस?’ म्हणाला, ‘भजी आणि उसाचा रस.’ ‘पाळण्यात बसलास?’ ‘दोनदा. दुसऱ्यांदा उलटी झाली.’ म्हटलं, हेच लिही. पाच वाक्यांचा परिच्छेद झाला, दोन क्रियापदं चुकली, आणि उलटीचं स्पेलिंग त्याने स्वतःहून विचारलं.

उतरवलेल्या उत्तराला शिक्षा नको. एका शब्दाचा अर्थ विचारा. आला नाही तर ते उत्तर धरायचं नाही, वर्गात बसून पुन्हा लिहायचं. बस्स.

उशिरा येणाऱ्या कामासाठी प्रत्येक सत्रात तीन सवलती द्या. सवलत घेताना कारण सांगायचं नाही आणि आपण विचारायचं नाही. पूर्वी मी कारण विचारायचे. एका सत्रात एकाच मुलाच्या तीन आज्या वारल्या. पाणी भरायला थांबावं लागलं, लाईट गेली, भाऊ आजारी पडला, हे सगळं त्या तीनमध्ये बसतं. वहीच्या शेवटच्या पानावर तीन चौकोन काढून घ्या. सवलत घेतली की मी सही करते. चौथ्यांदा राहिलं तर शाळा सुटल्यावर दहा मिनिटं वर्गात बसून पूर्ण करायचं. मधल्या सुट्टीत बसवून ठेवू नका. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, नववीचं मूल डब्यावर असतं, आणि तो खायला तेवढाच वेळ असतो.

तपासा: ऑगस्ट अखेर वह्यांची शेवटची पानं चाळा. पंधरापेक्षा जास्त मुलांचे तिन्ही चौकोन संपले असतील तर तुमचाच गृहपाठ जास्त होतोय.

पायरी ७: गुणांचं धोरण जूनमध्येच सांगा

लेखी ८०, तोंडी आणि अंतर्गत कामाचे २०. हे २० गुण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत ‘देऊन टाकायची’ पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. हुशार मुलाला १९, शांत मुलाला १५, वात्रटाला १२. यातून मुलं शिकतात ते हे की तोंडी गुण बाईंच्या मर्जीचे असतात.

रोज तीन मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं. ५८ मुलांची एक फेरी वीस दिवसांत होते. सत्रात दोन फेऱ्या सहज. काय बघणार ते फळ्यावर आधी लिहा: प्रश्न ऐकून कळला का, पूर्ण वाक्य आलं का, एक प्रश्न स्वतः विचारला का. उच्चाराला गुण ठेवू नका. तेलुगू जिभेवरचं इंग्रजी, कन्नड जिभेवरचं इंग्रजी आणि आपलं मराठी जिभेवरचं इंग्रजी, तिन्ही वेगळी आहेत आणि तिन्ही समजतात.

सावधान: वर्तनासाठी भाषेचे गुण कापू नका. ‘गोंधळ केला म्हणून तोंडीत दोन कमी’ हे एकदा केलं की मूल पुढच्या वेळी गुण वाढवून मागायला गप्प बसून दाखवतं, आणि गप्प बसणं ही तोंडी परीक्षेची तयारी नव्हे.

लेखीत एकच स्पेलिंग पाच वेळा चुकलं तर एकदाच धरा. हे आधी सांगितलं की मुलं अवघड शब्द टाळत नाहीत.

पायरी ८: नियम मोडला की

क्रम ठरवा आणि त्यातली पायरी गाळू नका. आधी नुसतं जवळ जाऊन उभं राहणं; दहातल्या आठ वेळा एवढंच पुरतं. मग तास संपल्यावर दोन मिनिटं, एकट्याशी. मग नोंदवहीत तारीख आणि एक ओळ, मुलाला दाखवून. मग घरी फोन. मुख्याध्यापक शेवटी. गोंधळ झाला की थेट मुख्याध्यापकांकडे पाठवणारे शिक्षक पुढच्या वेळेसाठी हातात काहीच ठेवत नाहीत.

छडी नाही, अंगठे धरणं नाही, वर्गाबाहेर उभं करणं नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. नववीची मुलं चौदाच्या पुढे गेलेली असतात म्हणून पळवाट शोधणारे भेटतात; त्यांच्या नादी लागू नका. आणि ‘हे वाक्य शंभर वेळा लिही’ ही शिक्षा इंग्रजीच्या शिक्षकाने तर देऊच नये. जे आवडावं म्हणून आपण वर्षभर घसा कोरडा करतो, तेच शिक्षा म्हणून द्यायचं?

पायरी ९: पालक

अर्धं पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: सहा नियम, तीन सवलती, गुण कसे मिळणार. सही नको असा माझा आग्रह आहे. सही मागितली की मुलं स्वतःच करतात, आणि ज्या घरात सही करता येत नाही तिथल्या मुलाची उगाच पंचाईत होते. त्याऐवजी पालकसभेत ते पान वाचून दाखवा. सभा पाळी बदलायच्या वेळेला धरून ठेवा, कारण अर्धा दिवस सुट्टी म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. ज्या आईला मराठी नीट कळत नाही तिला तिच्याच मुलाने तेलुगूत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगावं. त्या निमित्ताने मुलाला नियम किती कळलेत तेही दिसतं.

घरी पहिला फोन तक्रारीचा नको. जुलैत प्रत्येक मुलाच्या घरी एकदा, ‘आज याने वर्गात चांगला प्रश्न विचारला’ एवढंच सांगायला. रोज दोन फोन केले तर महिनाभर लागतो. ‘शाळेतून बोलतेय’ म्हटल्यावर पलीकडचा आवाज आधी घाबरतो, मग दोन सेकंद काहीच ऐकू येत नाही.

पायरी १०: दिवाळीनंतर पुन्हा

पहिलं सत्र संपल्यावर नियमांचा कागद काढून मुलांपुढे ठेवा आणि विचारा, यातला कोणता आपण पाळत नाही? ती खरं सांगतात. एके वर्षी मुलांनी सांगितलं की गृहपाठ तारखेसह उतरवायचा नियम बाईच पाळत नाहीत, कारण त्या फळ्यावर तारीख लिहीत नाहीत. बरोबर होतं. जो नियम दोन्ही बाजूंनी सुटला असेल तो खोडा किंवा सोपा करा, आणि बदललेला कागद वहीत नव्याने चिकटवा. नवा नियम वाढवायचा असेल तर एक जुना काढून.

गड्डा संपल्यानंतरच्या सोमवारी पाच वाक्यांची पुन्हा उजळणी घ्या. आठवडाभरात जीभ सुटते. मार्चमध्ये पहिल्या दिवसाचे कागद पाकिटातून काढून मुलांना परत द्या आणि त्याच विषयावर पुन्हा पाच ओळी लिहायला सांगा. सकाळची शाळा लागून तास ३० मिनिटांचा झाला की पायरी १ चा हिशेब नव्याने मांडा. पाच मिनिटं कुठून तरी कापावी लागतील. ती शिकवण्यातून कापा, वाटलं तर सुरुवातीच्या चारातून कापा, पण गृहपाठाची शेवटची चार मिनिटं तशीच ठेवा. घंटा होताना फळ्यावर लिहिलेलं निम्म्या वर्गाच्या वहीत उतरत नाही.